क्रेमॅटोगॅस्टरच्या पुढची जागा रिकामी का ठेवली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला सापडलेल्या मुंग्यांच्या घरट्यावरच्या आमच्या लेखाला तुम्ही तीन आक्षेप घेतले आहेत. एवढं लांबलचक लिहूनही फोटोखाली 'क्रेमॅटोगॅस्टर, जात निश्चित नाही' एवढंच आहे. तोच फोटो जीव ओळखणाऱ्या मोबाइल ॲपला दाखवला तर 'क्रेमॅटोगॅस्टर रोजेनहोफेरी' हे नाव लगेच मिळतं. आणि नाव द्यायचंच नव्हतं, तर मुंग्या मारल्या कशाला? तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, पण त्याचं उत्तर पहिल्या दोनांवर अवलंबून आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. बोलताना आपण सर्रास 'प्रजाती' म्हणतो, पण जीवशास्त्राच्या मराठीत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. लेखातली प्रजाती, म्हणजे क्रेमॅटोगॅस्टर, पक्की आहे; जात नाही.

प्रजाती दहापट भिंगाखालीही पक्की करता येते. हुमल्याच्या, म्हणजे पानं जोडून घरटं करणाऱ्या लाल मुंगीच्या, कंबरेत एकच मणी असतो, या मुंगीच्या कंबरेत दोन. त्यातला मागचा मणी पोटाच्या टोकाला न जुळता पोटाच्या वरच्या बाजूला जुळलेला असतो. म्हणून डिवचली की ही मुंगी पोट उलटं फिरवून थेट डोक्यावर आणते. वरून पाहिलं तर ते पोट पत्त्यातल्या बदामासारखं दिसतं, मागे टोकदार. असा सांधा दुसऱ्या कुठल्याच प्रजातीत नाही. मिशीचे खंड अकरा, त्यातले शेवटचे तीन जाडसर. मोजताना नवखा माणूस इथेच चुकतो: डोक्याला जोडलेला लांब दांडा हाही एक खंड आहे. तो सोडला की दहा भरतात, आणि या प्रजातीत काही जातींना खरोखरच दहा खंड असल्यामुळे ती चूक लक्षातही येत नाही. आपल्या रानातली मिर्मिकारिया ब्रुनिया दोन मण्यांचीच, पण तिच्या मिशीत फक्त सात खंड आणि पोट खाली वळवलेलं, त्यामुळे तिथे गफलत होऊ नये.

जातीसाठी मात्र चाळीस ते ऐंशी पटीचा सूक्ष्मदर्शक लागतो. छातीच्या मागच्या टोकावरचे दोन काटे किती लांब आणि कुठल्या दिशेला वळलेले, पुढचा मणी वरून पसरट की चौकोनी, मागच्या मण्यावर मधोमध खाच आहे की नाही, छातीवर रेघा आहेत की ती गुळगुळीत, उभे केस किती, हे सगळं पाहावं लागतं. मोबाइलच्या फोटोत यातलं काहीच येत नाही. ॲपपुढे असतो तो रंग, आकार आणि घरट्याचा भास. तेवढ्यावरून ते आपल्या संग्रहातलं सर्वांत जवळचं चित्र निवडतं. त्याने दिलेलं नाव चूकच आहे असं आमचं म्हणणं नाही. पण ते तपासलेलं नाव नव्हे.

घरट्यावरूनही निवाडा होत नाही. झाडाचे तंतू चावून केलेल्या लगद्याचं, कौलांसारखे एकावर एक पापुद्रे असलेलं आणि पाऊस बाहेरच्या बाहेर निथळू देणारं ते घरटं बांधणाऱ्या जाती या प्रजातीत एकाहून अधिक आहेत. रंग तर त्याहून फसवा. नुकती कोशातून निघालेली कामकरी फिकी असते, आणि अल्कोहोलात बराच काळ राहिलेली मुंगी विटते.

जुन्या ग्रंथांकडे वळायचं, तर बिंगहॅम यांचा 1903 चा भारतीय मुंग्यांवरचा खंड आजही उघडावा लागतो. त्यात प्रजातीचं नाव एक जादा 'स' घालून क्रेमास्टोगास्टर असं छापलंय, हे ठाऊक नसेल तर सूचीत शोधताना अडायला होतं. त्यात गोव्याच्या सीमेपलीकडच्या उत्तर कॅनराच्या (आजचा उत्तर कन्नड जिल्हा) नोंदी आहेत, पण शेजारच्या जिल्ह्यातली नोंद म्हणजे आपल्या झाडावरच्या मुंगीची ओळख नव्हे. रोजेनहोफेरी हे नाव कीटकशास्त्रज्ञ मायर यांनी 1879 साली दिलं. आपला नमुना त्या जातीच्या खात्रीच्या नमुन्यांशी ताडून पाहिल्याशिवाय ते नाव लावायला आमचा हात धजत नाही.

आता मुंग्या मारण्याबद्दल. हळहळ रास्त आहे. मात्र कामकऱ्यांनी गजबजलेल्या अशा घरट्यातून दहा-बारा घेतल्याने वसाहतीला धक्का बसत नाही, आणि नमुना जपला तर पन्नास वर्षांनीही कोणी आमची चूक दुरुस्त करू शकेल. फोटोच्या बाबतीत ती सोय नाही. हा हिशेब सगळीकडे मात्र लागू नाही. हार्पेग्नॅथॉस सॅल्टेटर या उड्या मारणाऱ्या मुंगीच्या वसाहती लहान असतात आणि तिच्या काही कामकरी स्वतः फलित अंडी घालतात. तिथे दोन-तीनच घ्याव्यात. अभयारण्याच्या हद्दीत तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय एकही उचलू नये. खाजगी कुळागरात मालकाला विचारावं.

घरटं फोडायची गरज नसते. खोडावरच्या रांगेतून अल्कोहोलात भिजवलेल्या बारीक ब्रशने मुंगी टिपता येते. सत्तर टक्के अल्कोहोलात अवयव लवचीक राहतात, डीएनएसाठी काही वेगळ्या कुपीत पंच्याण्णव टक्क्यांत ठेवाव्यात. चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आतच टाकायची, बॉलपेनची शाई विरघळते. तिच्यावर गाव, तालुका, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, झाडाचं नाव आणि गोळा करणाऱ्याचं नाव हवं. पुढे नमुना जाड कागदाच्या त्रिकोणाच्या टोकावर, मधल्या आणि मागच्या पायांच्या मुळांमध्ये, पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाच्या थेंबावर बसवायचा. थेंब मोठा झाला की कंबर बरबटते, आणि नेमकी तीच पाहायची असते. गोव्याच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या नमुन्यावर बुरशी चढते, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच.

एक चूक मात्र आमची: लेखात 'डोंगरातली मुंगी' म्हटलं आणि उंची लिहिलीच नाही. घाटात पायथा आणि माथा यांच्यामधल्या रानात एवढा फरक असतो की उंचीशिवाय ती नोंद लंगडी आहे. ती आज लेखात घालतो. तुमच्या कुळागरातही असंच घरटं असेल, तर मुंगीचे तीन फोटो काढा: डावी-उजवी कुठलीही एक बाजू, समोरून चेहरा, आणि वरून पाठ. तिन्ही फोटोंत मिलिमीटरची पट्टी दिसू द्या.