बाहेर पडायचं, पण कुठल्या दाराने?

माझ्या एका मित्राने ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियनमधून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं. सदाशिव पेठेत वाढलेला, भारतीय पासपोर्टवाला मुलगा. २०१६ मध्ये आयटीच्या नोकरीसाठी स्लाऊला राहत होता. भारतासारख्या कॉमनवेल्थ देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीर राहत होते त्यांना त्या सार्वमतात मत होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. आणि त्याच गल्लीत वर्षानुवर्षं कर भरणाऱ्या पोलंडच्या प्लंबरला मात्र मत नव्हतं! मित्राचं गणित सरळ होतं. "तो विमानात बसतो आणि येतो. मला दर वेळी व्हिसा, फी, कागदपत्रं. त्यांचं बंद झालं की आपल्या लोकांना जागा होईल." प्रचारातही तिथल्या करी रेस्टॉरंटवाल्यांना हेच गाजर दाखवलं जात होतं: युरोपचं दार लागू दे, तुमच्या आचाऱ्यांना व्हिसा मिळेल.

आता दुसरा मतदार घ्या, सुंदरलँडचा. तिथे निस्सानचा मोठा कारखाना आहे, त्यातल्या बऱ्याच गाड्या युरोपातच विकल्या जातात. तरी ६१ टक्के लोकांनी बाहेर पडायचा कौल दिला. त्यातल्या अनेकांना बाहेरून येणारी माणसंच कमी व्हायला हवी होती. पोलंडची नकोत आणि पुण्याची तर त्याहून नकोत.

दोघांनी फुली मारली ती एकाच चौकोनात.

पुढे काय झालं? युरोपातून येणारे घटले, भारत आणि नायजेरियातून येणारे वाढले. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात ब्रिटनमध्ये आलेले वजा गेलेले, हा आकडा नऊ लाखांच्या घरात पोचला. नियम कडक केल्यावर तो खाली आला, पण तोवर सुंदरलँडवाल्याला आपण फसवले गेलो असं वाटलं असेल तर त्यात त्याचं काय चुकलं? माझा मित्र जिंकला म्हणायचा. तो मात्र एव्हाना परत येऊन बाणेरला फ्लॅटचे हप्ते भरत होता.

मला या सगळ्यात ५१.९ विरुद्ध ४८.१ हा निसटता निकाल तितकासा खटकत नाही. निकाल निसटते लागतातच. प्रश्नच अर्धा विचारला होता, हे खटकतं. "राहायचं" म्हणजे काय ते माहीत होतं, कारण १९७३ पासून ते तिथे राहतच होते. "बाहेर" म्हणजे काय, हे मतपत्रिकेवर कुठेही नव्हतं. नॉर्वेसारखं बाहेर? म्हणजे सिंगल मार्केटमध्ये आत, कस्टम्स युनियनमध्ये नाही. तुर्कस्तानसारखं? ते जवळपास उलटं. स्वित्झर्लंडसारखं, सुट्या करारांच्या गाठोड्यावर? की संबंधच तोडायचे? ज्याने जुना जकात नाका पाहिलाय त्याला फरक पटकन कळेल. कस्टम्स युनियन म्हणजे नाक्यावर जकात नाही आणि बाहेरच्यांसाठी सगळ्यांचा दर एकच. सिंगल मार्केट म्हणजे मालाचे नियम एक, आणि माणसांनाही वाट मोकळी. प्रचारात हे दोन्ही शब्द एकाच पोत्यात होते. प्रचाराच्या बसवर "युनियनला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो" असं रंगवलं होतं, त्यातून ब्रिटनला मिळणारी सूट वजा न करता. त्यावर इतकं लिहून झालंय की मी पुढे जातो.

अर्धा प्रश्न विचारल्याची किंमत नंतरच्या पंतप्रधान टेरेसा मे यांनी भरली. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेत २३० मतांनी पडला, मग आणखी दोनदा पडला. त्यांच्या विरोधात मत देणाऱ्यांत काहींना आणखी दूर जायचं होतं आणि काहींना जायचंच नव्हतं. उत्तर आयर्लंडचा गुंता तर मतदानाआधी फार थोड्यांच्या डोक्यात होता. १९९८ च्या शांतता करारानंतर आयर्लंडबरोबरच्या ज्या सीमेवरचे लष्करी नाके गेले, तीच आता युरोपियन युनियनची सीमा होणार होती.

पण म्हणून बाहेर पडणारे अडाणी, हा आपला आवडता पुणेरी निष्कर्ष मला मान्य नाही. आपले कायदे आपण निवडून दिलेल्यांनीच करावेत, ही काही खुळी मागणी नव्हे. ज्यांच्या आजोबांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी लाठ्या खाल्ल्या, त्यांनी तरी "व्यापाराचं नुकसान होतं, मग कशाला?" असं विचारू नये. नुकसान झालं हे खरंच. तिथल्या अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या अधिकृत संस्थेचा अंदाज आहे की दीर्घकाळात उत्पादकता सुमारे ४ टक्के कमी राहील. पण मान्य करून सोसलेलं नुकसान वेगळं आणि कुणी न सांगितलेलं वेगळं. मला मत असतं तर मी राहायच्या बाजूने दिलं असतं. तरीही बाहेर पडायचा हक्क हवा, याबद्दल मला शंका नाही.

हा प्रश्न नीट कसा विचारावा, याचा नमुना आपल्या शेजारीच आहे. १६ जानेवारी १९६७, गोव्याचा जनमत कौल. १९६३ ची निवडणूक महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने जिंकली, म्हणजे विलीनीकरणाला जनतेची मान्यता मिळालीच, असं आपल्याकडे बहुतेकांनी धरलं होतं. मग तो एकच प्रश्न वेगळा काढून विचारला. महाराष्ट्रात जायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. दोन्ही चिन्हांमागे काय आहे ते मतदाराला ठाऊक होतं. प्रचार निष्पक्ष व्हावा म्हणून त्या पक्षाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांचं सरकार मतदानाआधी पायउतार झालं. ब्रिटनचं सार्वमत घेणारे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला तो निकालानंतर. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं. आणि गंमत अशी की दोनच महिन्यांनी गोवेकरांनी बांदोडकरांनाच पुन्हा निवडून दिलं. तुमचं सरकार हवं, तुमचं विलीनीकरण नको, इतकं स्वच्छ उत्तर मिळालं, कारण प्रश्न स्वच्छ होता. आपल्या बाजूचा पराभव असूनही तो मला आवडतो.

आणि न विचारता काय होतं ते फुरसुंगी-उरुळी देवाचीला बघा. २०१७ मध्ये दोन्ही गावं पुणे महापालिकेत घेतली. कर शहराचा, सोयी गावच्या, वर शहराचा कचरा डेपो दारात. लोक वैतागले, आणि २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद झाली. आत जातानाही निर्णय मंत्रालयात, बाहेर पडतानाही मंत्रालयात. दोन्ही वेळा अटी लिहून गावासमोर ठेवल्या असत्या आणि मत घेतलं असतं, तर आकाश कोसळलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच की बाहेर पडायचं असेल तर दोनदा विचारा. एकदा इच्छा, मग वाटाघाटी, मग अटींवर पुन्हा मत. यावरचा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो भक्कम आहे. डेन्मार्कने १९९२ मध्ये युरोपियन युनियनचा मास्ट्रिक्ट करार नाकारला, १९९३ मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा होकार आला. आयर्लंडने २००८ मध्ये युनियनच्याच लिस्बन कराराला नाही म्हटलं, २००९ मध्ये हो. दोन्ही वेळा मधे काही सवलती दिल्या हे खरं, पण "होय येईपर्यंत विचारत राहतात" ही युरोपची बदनामी उगाच झालेली नाही. म्हणून दुसरं मतदान निकाल बघून सुचता कामा नये. ते पहिल्याच कायद्यात, तारखेसकट हवं. ब्रिटनच्या २०१५ च्या सार्वमत कायद्यात निकालानंतर सरकारने काय करायचं याचं एक कलमही नव्हतं. कागदोपत्री ते मतदान नुसतं सल्ल्यापुरतं होतं.

दोनदा विचारणं म्हणजे जनतेचा अपमान असं ज्यांना वाटतं त्यांनी खाली जरूर भांडावं. फक्त आधी एक सांगा. तुम्ही तिथे असता आणि "बाहेर"वर फुली मारली असती, तर ती वरच्या चारांपैकी कुठल्या "बाहेर"वर?