सहलीच्या डिझेलचा हिशेब मुलांनाच करू द्या

‘सहल काढून पर्यावरण शिकवणं म्हणजे निव्वळ ढोंग,’ अशा अर्थाचा एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्यातले मुद्दे तीन. बसचं डिझेल जाळून निसर्ग वाचवायच्या गप्पा कशाला? व्हिडिओ आणि तक्त्यांवर भागत असताना बाहेर जायचं कशाला? आणि सहलीपायी अभ्यास बुडतो त्याचं काय?

आधी डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बस लिटरला ४ किलोमीटर धावते असं धरलं, तर जाऊन-येऊन ४० किलोमीटरला १० लिटर, म्हणजे २७ किलो. बसमध्ये ४० मुलं असतील तर डोई पाऊण किलोसुद्धा नाही. हीच सहल ४०० किलोमीटरची केली की आकडा दसपट होतो. म्हणजे आक्षेप लांबच्या सहलीला लागू पडतो, आणि तिथे तो मला मान्य आहे. साधा ओढा बघायला एवढं लांब कशाला जायचं? खरं तर सहलीला निघण्याआधी हा हिशेब मुलांनी वर्गात मांडायला हवा. मग कुठे जायचं यावरच वर्गात वाद होईल, आणि प्रकल्प तिथूनच सुरू होईल.

आता व्हिडिओ. त्यात काय दिसावं हे दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. ओढ्यात दगड उलटा केल्यावर काय निघेल, हे शिक्षकांनाही ठाऊक नसतं. दगडाच्या तळाशी चपटे, बहुधा तीन शेपट्यांचे, पोटाच्या कडेचे कल्ले हलवणारे किडे चिकटलेले असतील, तर ती मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या कीटकाची पिल्लं. ती भरपूर असली की पाण्यात प्राणवायू बरा आहे असं समजावं. सांडपाणी मिसळतं तिथून पुढे, प्रवाहाच्या खालच्या बाजूला ती बहुतेक गायब होतात आणि गाळात लालभडक अळ्या वळवळताना दिसतात. तो लाल रंग हिमोग्लोबिनचा. त्याच्या जोरावर त्या कमी प्राणवायूतही तग धरतात. (बघून झालं की दगड होता तसाच ठेवायचा, हे वेगळं सांगायला नको. खरं तर सांगावंच लागतं.)

मुलांनी सावलीतल्या आणि उन्हातल्या पाण्याचं तापमानही घ्यावं. २० अंशांना लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. हे आकडे घेऊन वर्गात परतलं की काठावरची झाडं तोडल्यावर पाण्यातल्या किड्यांचं काय होतं, याचा आलेख मुलं स्वतः काढू शकतात. तक्त्यांना माझा विरोध नाही. पण ‘झाडे लावा’ रंगवून भिंतीवर टांगण्यापेक्षा त्या तक्त्यावर हे आकडे असू देत.

राहिला अभ्यास. मोजणी, सरासरी, आलेख, अहवाल हा अभ्यास नाही तर काय? पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टं १९७७ साली जॉर्जियातल्या तिब्लिसी शहरात युनेस्कोने भरवलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरली. त्यांत ज्ञानाच्या जोडीला कौशल्यं आणि प्रत्यक्ष सहभागही होता. अर्थात, नुसतं हुंदडून यायचं आणि दुसऱ्या दिवशी ‘आमची सहल’ म्हणून दहा ओळी लिहायच्या, एवढंच करायचं असेल तर दिवस वाया गेला हे कबूल.

शक्य असेल तर पुढच्या तुकडीने त्याच ओढ्यावर, त्याच महिन्यात जावं. ऋतू बदलला की किड्यांची संख्याही बदलते, त्यामुळे भलत्याच महिन्यातल्या आकड्यांशी तुलना फसते.