‘हुशार आणि कच्चे वेगळे बसवा’ या मेसेजला एका गणित शिकवणारीचं उत्तर

गेले दोन आठवडे बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत एक मेसेज फिरतोय. दांडिया बाजारातल्या भिशीच्या ग्रुपवरून, एका विद्यार्थ्याच्या आईकडून आणि माझ्या सख्ख्या नणंदेकडून, असा तो माझ्याकडे तीनदा आला. मजकूर थोडक्यात असा: गणितात हुशार आणि कच्ची मुलं एका वर्गात बसवणं हा दोघांवर अन्याय आहे. हुशारांचा वेळ फुकट जातो, कच्ची मुलं खचतात. गणिताचं डोकं जन्मजात असतं. चाळीस-पंचेचाळीस मुलांत एकटा शिक्षक कुणाकुणाकडे बघणार? संशोधनानंही हेच सिद्ध केलंय. तेव्हा पाचवीतच चाचणी घेऊन तुकड्या वेगळ्या करा, अशी मागणी पुढच्या पालकसभेत सगळ्यांनी मिळून करू या.

एकोणीस वर्षं मी या शहरात सहावी ते आठवीला गणित शिकवते आहे. पालकसभेत पाच मिनिटांत हे बोलून होणार नाही, म्हणून लिहिते. मेसेजमधला क्रम मी पाळत नाही, कारण सगळं ज्यावर उभं आहे तो मुद्दा त्यात मध्येच दडलाय: ‘गणिताचं डोकं जन्मजात असतं’, आणि एका चाचणीत ते कळतं.

चाचणीत काय कळतं ते सांगते. माझ्या सहावीत एक मुलगी होती, घरी मराठी आणि शाळेत गुजराती. तोंडी गणितं घालताना मी ‘नेव्यासी’ म्हटलं की ती ९९ लिहायची. गुजरातीत नेव्यासी म्हणजे ८९. आपण त्याला एकोणनव्वद म्हणतो आणि तिच्या कानाला नेव्यासी नव्व्याण्णवसारखं वाटत होतं. पुढची बेरीज ती अचूक करायची, फक्त चुकीच्या आकड्यावर. आजोबांनी घरी शिकवलेला मसावि शाळेत गु.सा.अ. होऊन यायचा आणि पाढ्यांचे घडिया व्हायचे. अशा मुलीला पाचवीच्या चाचणीत शंभरपैकी तीस मिळाले तर ते तीस गुण कशाचे? तिच्या गणिताचे निश्चितच नव्हेत. आपल्या किती घरांतली मुलं अशी दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभी आहेत, हे मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे.

वयाचंही तसंच. पहिलीत प्रवेशासाठी १ जूनला सहा वर्षं पूर्ण लागतात. त्या दिवशी जेमतेम सहाचं झालेलं मूल आणि दुसऱ्याच दिवशी सातचं होणारं मूल एका बाकावर बसतात. सहा वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे किती मोठा फरक! धाकटं मूल सावकाश मोजतं म्हणून त्याला ‘कच्चं’ म्हणायचं आणि तीच पाटी पाचवीपर्यंत गळ्यात ठेवायची?

खंडेराव मार्केटात आईबरोबर भाजीच्या गाळ्यावर बसणारा एक मुलगा माझ्याकडे होता. ऐंशी रुपये किलोची भेंडी पाऊण किलो घेतली की ‘साठ’ हे उत्तर गिऱ्हाइकानं पाकीट काढायच्या आत तयार. वहीत ८० चे तीन चतुर्थांश काढायला दिले की पेन थांबायचं. पाऊण आणि तीन चतुर्थांश एकच, हे त्याला कुणी जोडूनच दाखवलं नव्हतं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हेच दिसलं: बाजारातले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करणारी मुलं शाळेच्या पद्धतीच्या साध्या गणितांत अडली. आणि शाळेत चांगली असलेली मुलं बाजारातल्या हिशेबात अडली. मग यांतलं हुशार कोण आणि कच्चं कोण?

आणि आपण कोणत्या शहरात राहतो तेही आठवा. मे १८७५ मध्ये कवळाण्याहून आलेल्या बारा वर्षांच्या गोपाळचं बडोद्याच्या गादीसाठी दत्तकविधान झालं आणि तो सयाजीराव झाला, तेव्हा त्याला लिहितावाचता येत नव्हतं. त्या आठवड्यात त्याची चाचणी घेतली असती तर तो कोणत्या तुकडीत बसला असता? त्याच सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.

आता ‘संशोधनानं सिद्ध केलंय’. मेसेजमध्ये संशोधनाचं नाव नाही. मी सांगते, कारण यातलं एक फार महत्त्वाचं काम आपल्याच गावातलं आहे. २००१ ते २००४ या काळात बडोदे आणि मुंबईच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी उपक्रम चालला. अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी, ज्यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालं, दोन सहकाऱ्यांबरोबर त्याचा परिणाम मोजला. तिसरी-चौथीत जी मुलं मागे पडली होती, त्यांतल्या पंधरा-वीस जणांना दिवसातले सुमारे दोन तास वस्तीतलीच एक तरुण मुलगी, म्हणजे बालसखी, वेगळं बसवून पायाभूत वाचन आणि अंकगणित शिकवायची. तिला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण आणि महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळायचे. दुसऱ्या वर्षाअखेर सरासरी वाढ ०.२८ प्रमाण विचलन निघाली. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल साधारण अकरा जागा पुढे सरकावं, एवढी.

मेसेजवाले म्हणतील, बघा, वेगळं बसवलंच ना! हो, बसवलं. पण कसं ते बघा. दिवसातले दोनच तास. बाकीचा वेळ ही मुलं आपल्याच वर्गात, आपल्याच मित्रांबरोबर. जे येत नव्हतं नेमकं तेच शिकवायला. दारावर ‘क’ची पाटी नव्हती. शिवाय याच अभ्यासात एक गोष्ट अशी निघाली, जी प्रत्येक ‘हुशार’ मुलाच्या पालकानं दोनदा वाचावी. मागे पडलेली मुलं बाहेर गेल्यावर वर्गात उरलेल्या मुलांना शिक्षकही पूर्ण मिळाला आणि वर्गही लहान झाला. तरी त्यांच्या गुणांत म्हणण्यासारखी वाढ झाली नाही. कच्ची मुलं उठून गेली की हुशारांचं भलं होतं, या दाव्याला बडोद्याच्या शाळांनीच उत्तर दिलेलं आहे.

त्याच काळात बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघं, गणिताचे खेळ दिले. येईल तसं गणित अवघड होत जायचं. दुसऱ्या वर्षी गणितातली वाढ ०.४७ प्रमाण विचलन होती आणि ती मागच्या-पुढच्या सगळ्या मुलांत सारखीच दिसली. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात यातला बराचसा लाभ ओसरला, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे अशी मदत वर्षानुवर्षं चालू ठेवावी लागते.

एक अभ्यास मात्र मेसेजच्या बाजूचा आहे आणि तो लपवणं मला पटत नाही. केनियात १२१ शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर केलेलं काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यातही दुफ्लो होत्या. तिथे निम्म्या शाळांत सुरुवातीच्या गुणांवरून दोन तुकड्या केल्या आणि दोन्ही तुकड्यांना फायदा झाला. लेखकांनी त्याचं दिलेलं कारण असं, की एरवी शिक्षक वर्गातल्या वरच्या मुलांकडे बघून शिकवतात, तुकडी वेगळी झाल्यावर खालच्या तुकडीत त्यांनी मुलांच्या पातळीवर शिकवायला सुरुवात केली. याउलट इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं गणिताच्या तुकड्या गुणांवरून लावतात, आणि अशा तुकड्यांवरच्या ठिकठिकाणच्या अभ्यासांचा तिथे काढलेला एकत्रित निष्कर्ष असा की सरासरी फायदा जवळजवळ शून्य, आणि खालच्या तुकडीतल्यांचं थोडं नुकसानच. हे तिन्ही शेजारी ठेवले की मला तरी एकच दिसतं: मूल आज जिथे उभं आहे तिथून शिकवलं तर ते पुढे जातं. नुसत्या भिंतीनं जात नाही.

‘कच्ची मुलं हुशारांत बसून खचतात.’ मुलं खचतात हे खरं. पण मी त्यांना सगळ्यात जास्त खचलेलं कुठे पाहिलं? वेगळ्या तुकडीत. नोकरीच्या सुरुवातीला ज्या शाळेत होते तिथे अ, ब, क तुकड्या गुणांवर लागायच्या. मी सगळ्यात नवी, म्हणून ‘क’ माझ्याकडे. पहिल्याच दिवशी एक मुलगा मला समजावल्यासारखं म्हणाला, ‘बेन, आम्ही क वाले आहोत, आम्हाला पुस्तकातलं शेवटचं नसतं.’ आणि खरंच नसायचं. बीजगणिताचे धडे ‘क’ला वरवर उरकायचे, ही तिथली रीत होती. आठवीत दोघा-तिघांचं गणित छान सुधारलं, पण ‘ब’मध्ये जायला जे यायला हवं ते त्यांना शिकवलंच नव्हतं. वर चढायचा जिना आम्हीच काढून ठेवला होता. मीही त्यात सामील होते, आणि ते आजही मनातून जात नाही.

‘हुशारांचा वेळ फुकट जातो.’ ही तक्रार बऱ्याच वर्गांत खरी आहे, आणि ती करणाऱ्या आईवडलांवर माझा राग नाही. ज्याचं गणित चार मिनिटांत होतं त्याला ‘शेजारच्याला शिकव’ एवढंच काम रोज देणं चूक आहे. तो शाळेत शिकायला आलाय. त्याच्यासाठी तुकडी बदलायची की गणित, एवढाच प्रश्न आहे.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आपल्यातलेच, आणि त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या जगभर त्यांच्या नावानं ओळखली जाते. मी त्यातलं तीन अंकी रूप सहावीला देते. सगळे अंक सारखे नसतील अशी कोणतीही तीन अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं, आणि वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ८४१ घेतले तर ८४१ वजा १४८ म्हणजे ६९३. मग ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४. मग ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. पुढे काहीही करा, ४९५च. ज्याला हातच्याची वजाबाकी जमत नाही त्याचा एका तासात दहा वजाबाक्यांचा सराव होतो आणि कंटाळा येत नाही, कारण ४९५ आले नाहीत तर चूक कुठे झाली हे तो स्वतःच शोधायला लागतो. ज्याला वजाबाकी येते त्याला मी विचारते, असं का होतं? गेल्या वर्षी ‘मधे नेहमी ९ येतात’ हे पहिल्यांदा दिसलं ते मागच्या बाकावरच्या मुलाला. पुढच्यांनी तोंडी गणितं केली होती, यानं एकाखाली एक नीट लिहिली होती. त्याच्या त्या निरीक्षणावरून पुढच्या बाकावरची मुलगी दोन दिवसांनी घरून सांगत आली की पहिलं उत्तर नेहमी ९९ च्या पाढ्यात असतं, आणि कितीपट ते सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकांतल्या फरकावरून कळतं. ८ वजा १ सात, सात गुणिले ९९ म्हणजे ६९३. ही दोघं वेगळ्या तुकड्यांत असती तर हे दोघांनाही मिळालं नसतं.

राहिला मोठ्या वर्गाचा मुद्दा. तो शंभर टक्के खरा आहे. शिक्षणहक्क कायद्यात सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय. पालकांनी एकत्र येऊन मागणी करायचीच असेल तर ही करा, मी तुमच्याबरोबर उभी राहीन. तोवर मी तास संपताना एकच प्रश्न देते, मुलं चिठ्ठीवर उत्तर लिहितात, आणि घरी मी चिठ्ठ्यांचे चुकीप्रमाणे गठ्ठे करते. वीस मिनिटं लागतात. दुसऱ्या दिवशी पहिला पाव तास त्या गठ्ठ्यांप्रमाणे गट बसतात. अपूर्णांकांच्या वेळी जो मदत घेणाऱ्या गटात होता तो भूमितीत दुसऱ्या टोकाला असतो. धडा बदलला की गट मोडतो.

पालकसभेला मी या वर्षीच्या चिठ्ठ्या घेऊन येणार आहे, नावं झाकून. तोपर्यंत घरी एक करा. मुलाला विचारा, ०.४ मोठे की ०.३५? पस्तीस चारापेक्षा मोठे म्हणून ०.३५ सांगणारी मुलं माझ्याकडे पहिल्या पाचांतलीही असतात. उत्तर बरोबर येवो की चूक, ‘कशावरून?’ एवढं विचारा आणि ते काय म्हणतं ते मला येऊन सांगा.