बालीची बोट फुकट इली

कोपी-ओ, म्हणजे बिनदुधाची कॉफी, संपवून सिंगापूरच्या एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, बसलो की मी आधी घरचा ग्रुप उघडतो आणि दिवस तिथेच नासतो. या वेळी विषय होता गुलदार. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ही नौका निवती रॉकजवळ समुद्रतळाशी ठेवून तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायची, अशी राज्याची योजना आहे. खर्च ४७ कोटींच्या आसपास. मालवणच्या माझ्या आतेभावाने, बंड्यादादाने, लिहिलं, "भंगार दर्यात टाकूक कोटी आसत, आमच्या जेटीक मात्र नाय." खाली बावीस अंगठे.

चीड आली ती त्या अंगठ्यांची. जन्म समुद्राकाठी गेला, पण पाण्याखाली कधी डोकं घातलं नाही अशी ही माणसं. मालवणात ज्याला स्कुबा म्हणतात ते म्हणजे गाइडने मानगूट धरून पंधरा मिनिटं मासे दाखवणं. माझे नव्वदएक डाइव्ह झालेत, बहुतेक मलेशियातल्या टिओमन बेटावर, आणि रजा जुळली की बालीत तुलाम्बेनला. तोच दाखला मी ग्रुपवर ठोकून दिला.

११ जानेवारी १९४२ ला जपानी पाणबुडीने 'लिबर्टी' या अमेरिकी मालवाहू जहाजाला टॉर्पेडो मारला. बालीतल्या सिंगराजा बंदराकडे ओढून नेताना ते पाण्याने भरत चाललं, म्हणून तुलाम्बेनच्या काठावर चढवलं. एकवीस वर्षं तिथेच पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला आणि त्या हादऱ्यांनी घसरून पाण्यात गेलं. आज सव्वाशे मीटरांचं ते धूड काठापासून हाकेच्या अंतरावर आहे. वरचं टोक पाच मीटरांवर, खालचं तिसाच्या आसपास. बोट लागत नाही, काळ्या गोट्यांवरून चालत जायचं. पहाटे टॉर्च घेऊन उतरलात तर कपाळावर टेंगूळ असलेले मीटरभर लांबीचे पोपटमासे सांगाड्यातून जागे होऊन कळपाने बाहेर पडताना दिसतात.

"एका बुडालेल्या बोटीवर अख्खं गाव जेवतं," मी लिहिलं.

काय लिहिलं नाही, तेही सांगतो. तिथे डायव्हरांच्या हवेच्या टाक्या बायका वाहतात. डोक्यावर फडक्याची चुंबळ, तिच्यावर आडवी टाकी, पायात साध्या सपाता. मी बूट घालून, रिकाम्या हातांनी त्यातल्या एकीच्या मागून घसरत चाललो होतो. तिची मान बघून मला आमच्याकडची कोळीण आणि तिची पाटी आठवली. गहिवरूनही आलं. फेरीमागे किती मिळतात, ते मात्र विचारलं नाही.

दादाचं उत्तर आलं, "तुजी बालीची बोट फुकट इली. हंय पैशे भरून बुडवतत. जाळा अडाकला तर भरून कोण देतलो?"

याला उत्तर नव्हतं, म्हणून मी विषय बदलला. १० डिसेंबर १९४१ ला मलेशियातल्या कुआन्तानजवळ जपानी विमानांनी बुडवलेल्या 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' या ब्रिटिश युद्धनौका काढल्या. दोन्हींवर मिळून ८४० माणसं गेली. हौशी डायव्हरची हद्द चाळीस मीटर. रिपल्स पन्नासच्या पुढे आहे, त्यामुळे मी गेलेलो नाही, पण गेलेल्या मित्रांच्या गोष्टी सांगतो. भंगारवाल्यांनी वरून पंजे टाकून या जहाजांचं लोखंड ओरबाडलं. मे २०२३ मध्ये मलेशियाने एक चिनी जहाज अडवलं. "भंगार कशाला म्हणायचं ते आधी ठरव," असं मी दादाला सुनावलं. यातून गुलदारबद्दल काय सिद्ध झालं, देव जाणे. माझा मुलगा पुढच्या वर्षी एनएसला, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेला, जाईल. त्याने हे सगळं शाळेत शिकलंय, आणि ती जहाजं बुडाल्याचं सांगताना तो 'आपली' म्हणतो.

मग दादाने एकच ओळ टाकली. "माणसा मेली थंय तू पेवतंस? आजयेक सांगलं असतंस?"

आजीचा थोरला भाऊ 'रामदास' नावाच्या बोटीवर होता. १७ जुलै १९४७, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आजी आषाढात मासे खात नसे. श्रावण लवकर धरलात का, असं कुणी विचारलं तर म्हणायची, "कोणाला खाऊन आलेत, काय ठाऊक."

मी चाळीस मीटरांच्या खाली जात नाही, असं काहीतरी टाइप केलं आणि पुसलं.

गेल्या डिसेंबरात मुलाला घेऊन मांडव्याच्या कॅटामरानने चाललो होतो. माझ्या आजीचा भाऊ इथेच बुडाला, असं त्याला सांगितलं. त्याने हेडफोन काढले. "कुठल्या बाजूला?"

मी आधी डावीकडे बोट दाखवलं, मग उजवीकडे.