तेरा खासदारांचं वडाप

परवा कराडात, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर भेळ खात बसलो होतो. शेजारच्या कट्ट्यावर चार-पाच रिटायर्ड मंडळी. विषय ठरलेलाच, "साहेब पंतप्रधान व्हायला पाहिजे होते." साहेब म्हणजे आमचे यशवंतराव चव्हाण. कराडात हे वाक्य हवापाण्याच्या गप्पांसारखं निघतं, आणि पुढचंही पाठ असतं : १९६६ ला शास्त्रीजी गेले, तेव्हाच साहेबांनी दावा लावून धरायला हवा होता.

माझं मत वेगळं आहे. साहेबांची खरी वेळ १९६६ ची नव्हतीच. ती हुकली २० ऑगस्ट १९६९ ला, राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा, आणि तीसुद्धा दुसऱ्याच माणसाच्या पराभवात. तो माणूस आंध्रचे काँग्रेस नेते नीलम संजीव रेड्डी. राष्ट्रपती व्हायला निघाले १९६९ मध्ये, पोचले १९७७ मध्ये. आठ वर्षं लेट. योगायोग बघा, रेड्डी आणि यशवंतराव दोघंही १९१३ चे. साहेब मार्चचे, रेड्डी मेचे.

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असतानाच वारले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. इंदिराबाईंनी जगजीवन राम यांचं नाव पुढं केलं, सिंडिकेटनं, म्हणजे पक्षातल्या बुजुर्गांच्या गटानं, रेड्डींचं. साहेबांचं मत आपलंच, असं बाई धरून चालल्या होत्या. ते गेलं रेड्डींना. मग बाईंनी रेड्डींच्या अर्जावर सही केली खरी, पण ऐन मतदानाच्या तोंडावर 'सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या' म्हणून स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवाराला तोंडघशी पाडलं. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पांनी बाईंच्या हातात कोलीतही दिलं होतं. रेड्डींसाठी दुसऱ्या पसंतीची मतं मागायला ते जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या दारात गेले होते.

आता आकडे बघा, कारण गंमत तिथंच आहे. पहिल्या पसंतीत अपक्ष उभे राहिलेले, बाईंचा कौल असलेले व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, मुंबईसाठी नेहरूंच्या तोंडावर राजीनामा फेकणारे, त्यांना १,१२,७६९. निम्म्याहून जास्त मतांचा कोटा कुणाचाच भरेना. राष्ट्रपती निवडताना दुसरी पसंती मोजायची वेळ आजवर एकदाच आली, ती ही. देशमुखांची बहुतेक मतं रेड्डींकडं वळली आणि फरक वितळत वितळत शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७ असा उरला.

म्हणजे १४,६५०. तेव्हा एका खासदाराच्या मताचं मूल्य होतं ५७६. मी कॅलक्युलेटर घेऊन बसलो. तेरा खासदार इकडचे तिकडं झाले असते तर रेड्डी राष्ट्रपती. तेरा! आमच्या कराड-पाटण वडापात, म्हणजे सीटवर चालणाऱ्या खासगी जीपमध्ये, एवढी माणसं रोज कोंबतात, आणि ड्रायव्हर वर विचारतो, "अजून एक बसतंय का बघा."

समजा, ते वडाप भरलं असतं. तर?

इथं व्हॉट्सअॅपवाले लगेच उडी मारतात, "रेड्डी असते तर आणीबाणीवर सहीच झाली नसती." अहो, मोजा की जरा. १९६९ ला निवडून आले असते तर पाच वर्षांची मुदत ऑगस्ट १९७४ ला संपली असती. आणीबाणी जून १९७५ ची. त्या सहीशी रेड्डींचा सरळ संबंध लावता येत नाही.

माझ्या मते संबंध येतो तो आधीच्या दोन सह्यांशी. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांची मान्यता काढण्याचा हुकूम निघाला. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत, आमच्याकडं तर संस्थानांची रांगच, त्यामुळं तो विषय इकडं घरोघरी झाला असणार. राज्यसभेत विधेयक पडल्यावर लगेच काढलेल्या त्या हुकमावर गिरींनी सही केली, आणि त्याच डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं तो रद्द ठरवला. दुसरी सही त्याहून मोठी. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा मुदतीआधी बरखास्त झाली. पक्ष फुटल्यामुळं बाईंकडं स्वतःचं बहुमत उरलं नव्हतं, डावे आणि द्रमुक यांच्या टेकूवर सरकार चाललं होतं. राष्ट्रपतिभवनात रेड्डी असते तर बरखास्तीवर सही करण्याआधी त्यांनी एवढं तरी विचारलं असतं, दुसरं कोण बहुमत जमवतंय का?

आणि त्या घडीला 'दुसरं कोण' म्हटल्यावर डोळ्यांसमोर कोण येतं? वय सत्तावन्न, संरक्षण आणि गृह दोन्ही खाती सांभाळलेली, मागं महाराष्ट्रातल्या काँग्रेस खासदारांची फळी, आणि बंगळूरला रेड्डींच्या बाजूनं पडलेलं मत. पक्ष फुटला तेव्हा साहेब बाईंबरोबर राहिले, हे मान्य. त्यांना 'कुंपणावरचे' म्हणून हिणवलं गेलं, तेही मान्य. पण कुंपणावरच्या माणसाला दोन्हीकडची मतं मिळू शकतात, हे कुणी बोलत नाही. साहेबांनी ते धाडस केलं असतं का? मला पन्नास टक्केच खात्री आहे. आमचा मेव्हणा म्हणतो, मी दहा टक्के जास्तच धरलेत.

प्रत्यक्षात रेड्डी अनंतपूरला शेती करत राहिले. १९७७ मध्ये नंद्यालहून निवडून आले, आंध्रातून जनता पक्षाचे एकटेच. चार महिन्यांत बिनविरोध राष्ट्रपती. जुलै १९७९ मध्ये मोरारजींनी राजीनामा दिल्यावर सरकार बनवता येतंय का बघा म्हणून त्यांनी पहिल्यांदा बोलावलं ते यशवंतरावांना. बंगळूरची फेड म्हणा नाहीतर संसदीय रीत म्हणा, कारण अविश्वासाचा ठराव साहेबांनीच मांडला होता. ऑगस्टमध्ये मात्र जगजीवन राम बहुमताचा दावा घेऊन दारात उभे असताना रेड्डींनी लोकसभाच बरखास्त केली. बंगळूरला समोर उभं केलेलं तेच नाव, दहा वर्षांनी परत. याला मी निव्वळ योगायोग म्हणणार नाही.

पण साहेबांना बोलावणं आलं तेव्हा हातात काय होतं? फुटलेली काँग्रेस. १९७० मध्ये तेच बोलावणं आलं असतं तर गोष्ट निराळी. रेड्डींना उशीर झाला तरी खुर्ची मिळाली. त्यांच्या उशिराचा खरा भुर्दंड आमच्या माणसाला पडला.

१९७९ ला मी नऊ वर्षांचा. १८ जुलैला बोलावणं आलं, तशी आण्णांनी ट्रान्झिस्टरला नवे सेल आणले. आई म्हणाली, "जुनं अजून चालत्यात की." आण्णा म्हणाले, "आज खरखर नको." चार दिवस बातम्यांच्या वेळी घरात कुणी भांडं वाजवायचं नाही. गल्लीतली माणसं ओल्या पोत्यांची खोळ दारात झटकून आत यायची आणि उकिडवी बसायची. २२ तारखेला साहेबांनी जमत नसल्याचं कळवलं. बातमी संपली, माणसं उठून गेली. आण्णांनी ट्रान्झिस्टर पालथा घातला, सेल काढले आणि बॅटरीत भरले. पावसाचं गोठ्यात जायला लागायची.