साडेबारा तासांची गोधडी

गोधडीला काय काय लागते असे विचारले, तर जुन्या साड्या, सुई, दोरा, कात्री आणि चिकाटी अशी यादी सांगण्याची पद्धत आहे. ही यादी ज्यांनी केली त्यांनी गोधडी शिवलेली नसावी. निदान इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या घरात तरी नक्कीच शिवलेली नाही. गोधडीला सर्वांत आधी लागते ती मोकळी जमीन. आमचा हॉल कागदोपत्री बारा बाय चौदाचा आहे. त्यातून सोफा, दिवाण, टीव्हीचे टेबल, सासूबाईंची आरामखुर्ची आणि त्या खुर्चीपासून देवघरापर्यंतचा त्यांचा वहिवाटीचा रस्ता वजा केला, की माझ्या वाट्याला पाच फूट बाय सात फूट जमीन येते, आणि तीही दुपारी अडीच ते साडेतीन, घरी कोणी आले नाही तर.

मागच्या गणपतीत पुण्याहून नातीचा फोन आला, की तिला पणजीच्या साड्यांची गोधडी हवी आहे. पणजी म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८६, कान उत्तम आणि नजर त्याहून उत्तम. मी अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवले असल्यामुळे वेळापत्रक करणे मला येते, आणि ते पाळले जात नाही हेही ठाऊक आहे. तरीसुद्धा मी लिहून काढले: पितृपक्षात साड्या निवडायच्या, दसऱ्याला थर मांडायचे, दिवाळीपूर्वी काठ बसवायचे आणि मार्गशीर्षाची थंडी पडण्याआधी गोधडी पुण्याला रवाना करायची. पहिल्याच ओळीला सासूबाईंनी हरकत घेतली. पितृपक्षात नवे काही आरंभू नये. साड्या तर जुन्याच आहेत, असा मुद्दा मी मांडला, त्यावर त्यांनी "साड्या जुन्या आहेत गं, पण उद्योग नवा आहे ना?" असे विचारले आणि पंधरा दिवस तिथेच गेले.

साड्या निवडण्याचे प्रकरण स्वतंत्र लेखाचे आहे. गोधडीला मऊ सुती कापड हवे, आणि तेही नेसून नेसून जुने झालेले. नव्या कापडाची गोधडी पाठीला पुठ्ठ्यासारखी लागते आणि जॉर्जेट घेतले तर थर एकमेकांवरून घसरतात. म्हणून सासूबाईंच्या नऊवारींना पर्याय नव्हता. त्यातही एक सुरेख हिशेब आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या घातल्या की प्रत्येक घडी पावणेसात फुटांची होते, म्हणजे माणसाच्या अंगावरून पायापर्यंत पुरून थोडी उशाला उरते. चार थर एका साडीत, न कापता. पन्हा मात्र जेमतेम पावणेचार फूट असल्यामुळे शेजारी दुसरी साडी जोडावी लागते. साडेपाच मीटरच्या सहावारीच्या तशाच घड्या घालायला गेले तर पावणेतीनही घड्या होत नाहीत आणि अपुरी घडी पायाशी लोंबत राहते. सहावारी नेसून चालणे सोपे झाले असेल, गोधड्यांचे गणित मात्र त्या दिवसापासून बिघडले. माझ्या सात फुटांच्या जमिनीवर पावणेसात फुटांची गोधडी पसरली की तीन इंच उरतात, आणि त्या तीन इंचांत मी बसावे, अशी व्यवस्था होती.

सासूबाईंनी उदारपणे सहा नऊवारी काढून दिल्या. त्यानंतर रोज सकाळी त्यातली एक परत गेली. एक त्यांच्या डोहाळजेवणाची निघाली, एक कोणाच्या तरी मुंजीतली, आणि एक तर नेसलेली आठवतच नाही म्हणून आठवेपर्यंत ठेवून घेतली गेली. शेवटी माझ्या हाती तीन राहिल्या, त्यांत एक महेश्वरी. महेश्वर इथून शंभर किलोमीटरच्या आत आहे. अहिल्याबाईंनी राजधानी तिकडे नेली आणि विणकरांना आश्रय दिला, हे इथल्या प्रत्येक मराठी घरात इतक्या वेळा सांगितले जाते, की महेश्वरी साडीला कात्री लावणे हा राजद्रोह वाटावा. सुदैवाने कात्री लावावी लागली नाही. तिच्या बुगडी काठाला उलटसुलट नसते, दोन्ही अंगांनी तो सारखाच दिसतो, म्हणून तो गोधडीच्या कडेला घ्यावा, असे मी सुचवले. सासूबाईंनी साडीचा काठ दोन बोटांत धरून दोन्हीकडून पाहिला, आणि "घे. पण टाका दिसता कामा नये," असे सांगितले. टाका न दिसणारी गोधडी ही कल्पना मी त्या वेळी कामाच्या गडबडीत ऐकून सोडली, ती पुढे मला फार महागात पडली.

या सगळ्यात घरी चिंध्यांचे एक गाठोडे तयार झाले, कारण कोपऱ्यांना लावायचे त्रिकोण, मधली ठिगळे आणि फाटक्या जागी आतून द्यायचे तुकडे यांसाठी रंगीत कापड जपावेच लागते. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तिच्या चारही कोपऱ्यांना घडीचे फुल लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत, आणि माझाही तोच आग्रह होता. परंतु आमचे शहर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिले येत आहे, आणि आमचे यजमान या यशात स्वतःचा वाटा आहे असे समजतात. सकाळी कचऱ्याची गाडी गाणे वाजवत गल्लीत शिरली, की ते ओला, सुका, प्लास्टिक अशा वेगवेगळ्या पिशव्या घेऊन परेडला निघाल्यासारखे फाटकाशी उभे राहतात. माझे गाठोडे त्यांना पहिल्या दिवसापासून सुका कचरा दिसत होते. त्यांनी ते तीन वेळा गाडीपर्यंत नेले आणि मी तीन वेळा हातात पोहे ढवळायचा झारा घेऊन मागे धावले. तिसऱ्या वेळी गाडीवरच्या मुलानेच "अंकलजी, ये तो आंटी का है," असे म्हणून ते परत केले. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरात चिंध्या साठवणारी बाई म्हणून माझी आता गाडीवर नोंद आहे.

सुयांची खरेदी यजमानांकडे सोपवली, ही माझी चूक. थरांतून आरपार जाईल अशी जाड सुई आणा, एवढेच मी सांगितले. ते सीतलामाता बाजारात गेले, दुकानदाराकडे सर्वांत मोठा नंबर मागितला आणि बारा नंबरच्या सुयांची पुडी घेऊन विजयी मुद्रेने परतले. हातशिलाईच्या सुईचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होते. बारा नंबरची सुई केसासारखी असते आणि तिच्या नेढ्यात गोधडीचा दोरा जाणे शक्यच नसते. हे समजल्यावर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि आता नियम कळला आहे म्हणून माझ्या शिलाईमशीनसाठी सर्वांत लहान नंबरच्या जाड सुया घेऊन आले. मशीनच्या सुईचे नेमके उलटे असते, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते. नऊ नंबर मलमलीला, सोळा नंबर जाड कापडाला. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हा अन्याय सहन होत नाही. "एकाच वस्तूला दोन उलटे नियम लावणाऱ्याला आमच्याकडे निलंबित केलं असतं," असे ते दोन दिवस म्हणत होते.

दसऱ्याला थर मांडायचे होते, ते दत्तजयंतीला मांडले गेले. खालची साडी पसरायची, चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचे, तळहाताने मधून कडेला सुरकुत्या लोटत न्यायच्या, मग दुसरा थर, मग तिसरा. वजन म्हणून मी वरवंटा, पोळपाट, शब्दकोश आणि इस्त्री ठेवली. थर नीट बसला, की वरून हात फिरवताना कापड अंगाशी आल्यासारखे लागते. हवा राहिली असेल तर तिथे झोळ येतो आणि तो शेवटपर्यंत जात नाही. मी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत आले होते, तोच पोळ्यांची बाई आली आणि तिने गोधडीच्या कोपऱ्यावरचा पोळपाट उचलून नेला. सासूबाई लगोलग देवघराकडे निघाल्या; त्यांचा रस्ता मी अडवला नव्हता, पण त्यांनी त्या दिवशी जवळची वाट धरली. जाता जाता मध्येच थांबून त्या म्हणाल्या, "इथे झोळ आहे बघ." तो झोळ त्यांच्या पायाखालीच होता.

कच्चा धागा घालून थर पक्के केले आणि धावदोऱ्याला प्रारंभ झाला, तेव्हा यजमानांनी गणकयंत्र काढले. गोधडीची लांबी साधारण दोन मीटर. दोन सेंटिमीटरवर एक आडवी रांग धरली तर १०० रांगा. प्रत्येक रांग पन्ह्याएवढी, दीड मीटर, म्हणजे एकूण १५० मीटर. सेंटिमीटरला एक टाका, तर १५,००० टाके. मिनिटाला वीस टाके होतात हे त्यांनी माझ्याशेजारी घड्याळ घेऊन बसून मोजले. "म्हणजे ७५० मिनिटं," ते म्हणाले, "साडेबारा तास. दोन दिवसांचं काम आहे गं हे. तू गणपतीपासून काय करते आहेस?"

हा प्रश्न ज्या स्वरात विचारला गेला तो स्वर मी इथे उतरवू शकत नाही. मी फक्त त्यांना कॅलेंडरची मागची बाजू आणि पेन्सिल दिली, आणि आठ दिवस हजर राहून नोंद ठेवायला सांगितले. माणूस प्रामाणिक आहे; त्यांनी ती ठेवली. सोमवारची नोंद अशी आहे: २.३५ गोधडी पसरली. २.४७ कच्चा धागा सापडला, सुई सापडली नाही. २.५५ सुई उशीत सापडली. २.५८ टाके सुरू. ३.०१ दूधवाल्याचा हिशेब. ३.०६ टाके सुरू. ३.०९ आईचा चहा. ३.२० शेजारच्या काकू, साखर. ३.४५ काकू गेल्या. ३.४६ गोधडी गुंडाळली, कारण मुलांची शिकवणी. एकूण टाके १२०. बुधवारी टाके शून्य आहेत आणि कारणाच्या रकान्यात त्यांनी 'मी' असे लिहिले आहे; त्या दिवशी त्यांना पॅनकार्ड सापडत नव्हते. गुरुवारी मी ८० टाके घातले, आणि सासूबाईंना त्यांतले सगळेच दिसत असल्यामुळे शुक्रवारी ८० उसवले. आठवड्याची बेरीज ४१० टाके निघाली. या गतीने १५,००० टाक्यांना साडेछत्तीस आठवडे लागतात, हेही त्यांनीच काढले, आणि त्यानंतर मात्र पॅनकार्ड स्वतःच शोधू लागले.

मला शिवणकामाबद्दल तक्रार नाही. तक्रार असलीच तर एवढीच, की स्वयंपाक करणाऱ्या बाईला हाक मारताना माणसे क्षणभर थांबतात, पूजेला बसलेलीला तर कोणी हाकच मारत नाही. पण मांडीवर गोधडी घेऊन बसलेली बाई मोकळीच आहे असे घरातल्या मांजरालाही वाटते. आमच्याकडे मांजर नाही. ते शेजारचे आहे आणि तेही गोधडी पसरली की येते.

पौषात माळव्याची थंडी पडली. रात्री पारा दहाच्या खाली गेला, सराफ्यातल्या गराडूवाल्यांपुढे, म्हणजे तळलेला कंद विकणाऱ्यांपुढे, गर्दी उसळली, आणि घरात दोन रजया असताना सासूबाईंनी एका रात्री वीस रांगांची अर्धवट गोधडी अंगावर ओढून घेतली. सकाळी मी घाबरून पाहायला गेले, कारण सुई तिच्यातच होती. त्यांनी ती आधीच काढून उशाच्या कापडाला टोचून ठेवली होती. "ऊब चांगली आहे. झोळ पायाशी घेतला," एवढाच अभिप्राय मिळाला. पुढचा दीड महिना गोधडी रात्री त्यांच्याकडे आणि दुपारी माझ्याकडे अशी वाटणी झाली. मी दिवसा शिवत असलेली वस्तू रात्री वापरात होती, त्यामुळे ती पूर्ण करण्याची घाई आता माझ्याखेरीज कोणालाच उरली नाही.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी माझा अंगठा सुजला. सुईच्या टोकाने नव्हे, मागून दाबून दाबून. अंगुस्ताना मधल्या बोटाला असतो, अंगठ्याचे कोणी बघत नाही. दुसऱ्या दिवशी अर्धे शहर राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला गेले होते, बेल वाजवायला गल्लीत कोणीच नव्हते, दुपार संपूर्ण रिकामी होती, आणि नेमका त्याच दिवशी माझा हात बांधलेला होता. यजमान येरझारा घालत होते. मग चष्मा पुसून ते खाली बसले, त्यांनी फूटपट्टी मागितली, खडूने रेघ आखली आणि चार तासांत चार रांगा घातल्या. त्यांचे टाके खातेवहीतल्या आकड्यांसारखे होते: सारख्या अंतराचे, बारीक, एकही रेघेबाहेर नाही. त्यांना चहा सासूबाईंनी स्वतः उठून करून दिला. माझ्या लग्नाला अडतीस वर्षे झाली आहेत, हे फक्त नोंदीसाठी.

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई गोधडी उलगडून त्या चार रांगा दाखवू लागल्या. वरच्या बाजूला, उशाकडून बाविसावी ते पंचविसावी. "टाका दिसतो का बघा," असे त्या विचारत, आणि पाहुणा डोळे बारीक करून नाही म्हणे. उरलेल्या शहाण्णव रांगा पाहुण्याच्या मांडीवरच असत.

शेवटचा कोपरा आणि त्याचे फुल अक्षय्य तृतीयेला बसले, तेव्हा बाहेर पारा चाळिशीच्या वर होता आणि मी पंख्याखाली ओला पंचा मानेवर ठेवून शिवत होते. नात सुट्टीला आली, तिने एसी अठरावर नेला आणि गोधडी नाकापर्यंत ओढून घेतली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आजी, आजोबांच्या रांगा कुठल्या गं? पणजी म्हणाली त्या डोक्याकडे घ्यायच्या."

मी गोधडी फिरवून दिली. झोळ तिच्या पायाशी गेला.