“व्हिडिओ उघडतच नाही” या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

“चित्रांचा व्हिडिओ करायला पैसे मोजले, फाइल क्लायंटच्या फोनवर उघडली नाही, ब्राउझरमध्ये नुसती काळी चौकट. साइज अवाढव्य. यांना कोडेकसुद्धा धड निवडता येत नाही,” असं तुम्ही लिहिलंत. क्लायंटसमोर तुमची पंचाईत झाली, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण कोडेकबद्दलचं, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीबद्दलचं, ते वाक्य आम्हाला तसंच सोडून देता येत नाही. हे टूल आम्ही दोघंच बनवतो आणि दोघंच चालवतो. पैसे भरण्याआधी प्रत्येक नवा ग्राहक इथले रिव्ह्यू वाचतो. त्याला अर्धीच गोष्ट कळावी हे बरोबर नाही.

सेटिंगला हात लावला नाही, तर आमचं टूल एच.२६४ कोडेक, युव्ही४२०पी पिक्सेल फॉरमॅट (प्रत्येक पिक्सेलचा रंग साठवायची रीत) आणि एमपी४ फाइल असा व्हिडिओ देतं. हे विचार करून ठरवलेलं आहे. एच.२६४ हे २००३ सालचं मानक. २०१३ मध्ये एचईव्हीसी आणि २०१८ मध्ये एव्ही१ हे नवे कोडेक आले, आणि तेवढ्याच दर्जाला दोन्हींची फाइल लहान होते. तरीही समोरच्याकडे कुठला फोन आहे हे माहीत नसताना पाठवायच्या व्हिडिओसाठी आम्ही आजही एच.२६४च देतो, कारण ते जुन्या-नव्या बहुतेक सगळ्या उपकरणांवर चालतं. पिक्सेल फॉरमॅटचंही तसंच. पीएनजी चित्रं देऊन फॉरमॅट सांगितला नाही, तर एफएफएमपेग हा व्हिडिओ बनवणारा प्रोग्रॅम एच.२६४ साठी आपणहून युव्ही४४४पी (प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा साठवणारा फॉरमॅट) निवडतो आणि तो व्हिडिओ कित्येक प्लेअरांत उघडत नाही. म्हणून आम्ही ४२०पी मुद्दाम लिहून ठेवलं आहे. ४२०पीला रुंदी आणि उंची दोन्ही सम लागतात. ग्राफची चित्रं हमखास विषम मापाची निघतात, त्यामुळे कमी पडणारी पिक्सेलची एक ओळ टूल स्वतःच जोडतं. हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नाही.

आता तुमच्या फाइलकडे येतो. पहिला व्हिडिओ तुमच्या क्लायंटकडे व्यवस्थित चालला होता. त्यावर तुम्हीच मेल केलात की ग्राफमधल्या बारीक लाल रेषा फिसकटल्यासारख्या दिसतात. ते खरंच होतं. ४२०पीमध्ये उजेड-अंधाराची माहिती प्रत्येक पिक्सेलची वेगळी असते, पण रंग मात्र दोन बाय दोनच्या चार पिक्सेलांत मिळून एकच. फोटोत हे डोळ्याला कळत नाही, पांढऱ्यावरच्या एक पिक्सेल जाडीच्या लाल रेषेत लगेच कळतं. आम्ही उत्तरात दोन गोष्टी कळवल्या. ४४४पी केलंत तर रेषा स्वच्छ येतील, पण तो व्हिडिओ फक्त स्वतःच्या स्क्रीनसाठी ठेवा, बरेच फोन आणि ब्राउझर तो उघडणार नाहीत. क्लायंटला द्यायचा असेल तर चित्रं दुप्पट मापाची करा आणि ४२०पीच ठेवा, म्हणजे मूळचा प्रत्येक पिक्सेल चार पिक्सेलांचा होतो आणि त्याचा रंग जवळजवळ शाबूत राहतो.

तुम्ही यातला पहिला निम्मा भाग घेतलात. तुम्ही पाठवलेल्या लॉगमध्ये (टूलने केलेल्या नोंदीत) युव्ही४४४पी स्पष्ट दिसतं, आणि शेजारी सीआरएफ ० आहे, जे आम्ही कुठेही सुचवलेलं नाही. सीआरएफ हा दर्जा ठरवणारा आकडा, जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. नेहमीच्या एच.२६४ मध्ये तो ० ते ५१ असतो. एक्स२६४ या एच.२६४ व्हिडिओ बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो मुळात २३ असतो, आम्ही १८ ठेवतो. ० म्हणजे काहीही न गमावता साठवणं, म्हणून फाइल फुगली. शिवाय ० ठेवला की पिक्सेल फॉरमॅट कुठलाही असला तरी व्हिडिओ हाय ४:४:४ प्रेडिक्टिव्ह प्रोफाइलमध्ये, म्हणजे एच.२६४च्या फोनना सहसा न झेपणाऱ्या प्रकारात, जातो. म्हणजे एकट्या त्या आकड्यानेही फोनवर तो बहुधा अडला असता.

“हेच काम ओपनसीव्हीच्या चार ओळी फुकटात करतात,” असंही तुम्ही म्हणता. ओपनसीव्ही म्हणजे चित्रं-व्हिडिओ हाताळायची मोफत प्रोग्रॅमिंग लायब्ररी. जरूर वापरा, आम्हीही वापरतो. मात्र त्या ओळींत एमपी४व्ही असेल, तर तो एमपीईजी-४ पार्ट २ कोडेक आहे. फाइलचं नाव एमपी४ असलं तरी ब्राउझर साधारणपणे तो उघडत नाहीत. एखादं चित्र वेगळ्या मापाचं निघालं, तर ती फ्रेम (ते चित्र) व्हिडिओत जात नाही आणि काम न थांबता पुढे चालू राहतं. आमचं टूल तिथे थांबून चित्राचं नाव सांगतं.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. तुमचा दुसरा मेल आणि हा रिव्ह्यू एकाच रात्री आले. सकाळी उत्तर द्यायला बसलो तेव्हा एक स्टार आधीच लागला होता.

४४४ किंवा सीआरएफ ० निवडल्यावर काहीतरी ठळक इशारा दिसावा, असा पुढच्या आवृत्तीसाठी विचार आहे. माहितीची पानंही जमेल तशी सुधारू.

तुमच्याच चित्रांचा दुप्पट मापाचा, ४२०पी, सीआरएफ १८ असा व्हिडिओ आम्ही आज मेलवर पाठवला आहे, त्याचे पैसे नाहीत. क्लायंटच्या फोनवर उघडून बघा. स्टार वाढवा असं म्हणत नाही. पण तो चालला, तर कोडेकबद्दलचं ते एक वाक्य कृपया काढून टाका.